गवत किती वाळलंय, हे रंगावरून ठरवू नका

प्रश्न राधानगरी तालुक्यातल्या एका गावच्या तरुण मंडळाचा आहे. गावाच्या डोंगराला फेब्रुवारी ते मे या काळात दरवर्षी वणवा लागतो, राखलेली वैरण जळते, कधी काजूची रोपं जातात. यंदा मंडळाच्या पोरांनी पाळत ठेवायचं ठरवलंय, पण रोजगार सोडून सगळे रोज डोंगरावर बसू शकत नाहीत. म्हणून त्यांनी विचारलंय की कोणत्या दिवशी धोका जास्त आहे हे आधी कळू शकतं का, गवत-पाल्यातला ओलावा कसा मोजायचा, आणि मोबाइलवर उपग्रहाचे नकाशे दिसतात त्यांच्यावर भागतं का.

कळू शकतं. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या पट्ट्यात वीसेक वर्षं जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे केलेले पट्टे, काढण्याच्या आणि वणवे विझवण्याच्या कामात आहे. या काळात माझं एक मत पक्कं झालंय. आपण डोंगराकडे बघतो, तो पिवळा दिसतो, आणि 'वाळलाय' म्हणून मोकळे होतो. पण डिसेंबरातला पिवळा डोंगर आणि मार्चमधला पिवळा डोंगर दुरून सारखाच दिसतो. पहिला काडी लावली तरी फुरफुरत विझतो, दुसरा माणसाच्या धावण्यापेक्षा जोरात पळतो. मधला फरक डोळ्याला दिसत नाही, तो वजनकाट्यावर दिसतो.

हे असं का, ते आधी समजून घ्या. एक ग्रॅम वाळकं गवत पेट घेईल इतकं, म्हणजे सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला साधारण शंभर कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम पाणी उकळीला आणून त्याची वाफ करायला सहाशेच्या वर लागते. म्हणजे गवतात वाळक्या वजनाच्या ३० टक्के पाणी असेल, तर नुसतं ते पाणी हाकलण्यात १८० कॅलरी जातात, गवत तापवण्याच्या जवळजवळ दुप्पट. शेजारच्या जळत्या काडीकडे एवढी उष्णता नसते, आग तिथेच बसते. ८ टक्केच पाणी असेल, तर ५० कॅलरीत काम होतं आणि आग पुढच्या काडीवर उडी घेते. गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. दव पडलेल्या सकाळी तो ढिगाच्या वरचं चिपाड बाजूला सारतो आणि आतलं कोरडं ओढतो, कारण ओल्या चिपाडानं नुसता धूर होतो आणि काहिलीचा जाळ पडतो, हे त्याच्या हाताला माहीत असतं.

आता डोंगरावर जे जळतं, त्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. एक मेलेलं: वाळकं गवत, गळलेला पाला, काटक्या, पडलेले ओंडके. दुसरं जिवंत: हिरवं गवत, कारवीची पानं, झुडपं, झाडांचे शेंडे. जिवंत झाड मुळातून पाणी ओढतं, त्याचा ओलावा आठवड्या-आठवड्यानं बदलतो. मेलेल्या काडीला मूळ नाही. ती हवेतून पाणी घेते आणि हवेलाच परत देते. हवा दमट झाली की फुगते, कोरडी झाली की सुकते. आणि काडी जितकी बारीक, तितकं हे झटपट होतं. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक गवत-काडी तासाभरात हवेच्या मागोमाग चालते. बोटाएवढ्या जाडीच्या काटकीला दहाएक तास लागतात. मनगटाएवढ्या फांदीला चार-पाच दिवस, आणि मांडीएवढ्या ओंडक्याला महिन्याच्या वर. एवढ्या वेळातही ओलावा पूर्ण जुळत नाही, फरकाचा साधारण दोन-तृतीयांश भाग भरून निघतो. अमेरिकेत याच हिशोबानं एक तास, दहा तास, शंभर तास, हजार तास असे वर्ग पाडलेत.

याचा आपल्याकडचा अर्थ सांगतो. एप्रिलात वळीव पडतो, तासभर झोडपतो, सगळ्यांना वाटतं आता आठवडा सुटलो. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं तर दुपारी दोनला सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळपठारावरचं, गवत पुन्हा पेटायला तयार असतं. ओंडके मात्र ओले राहतात. म्हणून वळवानंतरचा वणवा भरभर पळतो, पण मागे धुमसत नाही. उलट एप्रिल अखेरपर्यंत पाऊसच झाला नाही, तर ओंडकेही आतपर्यंत सुकतात. त्या वेळी तुम्ही रात्री विझवून घरी आलेली आग दुसऱ्या दिवशी अकराला बुंध्यातून पुन्हा डोकं काढते. कोणत्या दिवशी विझवून झाल्यावर राखणीला माणूस ठेवायचा, ते ओंडक्याच्या ओलाव्यावर ठरतं. आग किती वेगानं पळेल, ते गवताच्या ओलाव्यावर.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती याच बाबतीतली आहे. अकरा-बारा वर्षं झाली. फेब्रुवारीत एका डोंगराच्या कडेनं जाळरेषा काढत होतो. गवत कापून पट्टा मोकळा करायचा आणि तो मुद्दाम नियंत्रणात जाळायचा, असं काम. सकाळी आठला मूठभर गवत हातात घेतलं, चुरडलं, ओलसर लागलं, दव होतंच. मी म्हटलं, निवांत काम होईल. माणसं गोळा होईपर्यंत साडेदहा झाले. पहिला तास आग छान शहाण्यासारखी चालली. बारा वाजता मी पुन्हा गवत हातात घेऊन बघायला हवं होतं, ते बघितलं नाही. सकाळचाच अंदाज डोक्यात होता. साडेबाराला वारं फिरलं, आग पट्टा ओलांडून पलीकडच्या राखलेल्या गवतात गेली. माणूस-जनावर वाचलं, पण दोन घरांची वर्षाची वैरण गेली. त्यातल्या एका म्हाताऱ्या मावशी मला काही बोलल्या नाहीत, नुसत्या जळलेल्या पडीकडे बघत उभ्या राहिल्या. सकाळी आठला त्या गवतात २० टक्क्यांच्या आसपास ओलावा असणार, साडेबाराला सात-आठ. चार तासांत वेगळंच गवत झालं होतं ते. त्यानंतर काटा घेतला.

मोजायची रीत सोपी आहे. झाकण घट्ट बसणारे चार स्टीलचे डबे घ्या, प्रत्येकावर नंबर आणि रिकामं वजन लिहून ठेवा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. दहावा भाग दाखवणारा, सराफ वापरतात तसला छोटा काटा मिळाला तर उत्तमच. दुपारी एक ते दोनच्या मध्ये, दव पूर्ण उडालेलं असताना, उभं वाळकं गवत जमिनीपासून चार बोटं सोडून कापा, डब्यात भरा, झाकण तिथल्या तिथे लावा. उघडा डबा घेऊन अर्धा तास उतरलात, तर तुम्ही मोजता ते गावातल्या हवेचं गवत, डोंगरावरचं नाही. सड्यावरचं एक, उताराचं एक, ओघळीतलं एक, झाडाखालच्या पाल्याचं एक, असे चार नमुने पुरतात. माती लागलेलं, मुळं आलेलं नको.

मग वाळवायचं. गावच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत ओव्हन असेल तर १०५ अंशांवर २४ तास. नसेल तर घरातल्या ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास ठेवा, तासा-तासानं वजन करा, लागोपाठ दोनदा वजन तेच आलं की झालं. झाकण काढून वाळवा, थंड करताना मात्र झाकण लावा, नाहीतर तेवढ्यातही ते हवेतलं पाणी ओढतं. उन्हात वाळवून चालणार नाही, उन्हात ते हवेएवढंच सुकतं, पूर्ण कधीच नाही.

हिशोब असा. समजा डबा ८५ ग्रॅमचा. गवतासह १४१, म्हणजे गवत ५६. वाळवल्यावर डब्यासह १३६, म्हणजे गवत ५१. पाणी गेलं ५ ग्रॅम. या ५ ला ५१ नं भागायचं, ५६ नं नाही. उत्तर ९.८ टक्के. भागाकार नेहमी वाळक्या वजनानं, हे पोरांना ठासून सांगा. म्हणूनच हिरव्या पानांचा ओलावा शंभराच्या वर जातो आणि त्यात काही चुकीचं नाही. कारवीची ४० ग्रॅम पानं वाळून १६ झाली, तर २४ भागिले १६, म्हणजे १५० टक्के. आणि डब्याचं वजन वजा करायला विसरू नका, ही चूक प्रत्येक गटात पहिल्या आठवड्यात होतेच.

रोज ओव्हन चालवणं जमणार नाही हे मलाही कळतं. म्हणून दोन पर्याय. पहिला काठ्यांचा. अमेरिकेत वनखात्याची माणसं अर्धा इंच जाडीच्या पाइनच्या चार गोल काठ्यांचा संच वापरत आलीत. पूर्ण वाळवल्यावर त्या संचाचं वजन बरोबर १०० ग्रॅम असतं. तो रानात टांगून ठेवायचा आणि रोज वजन करायचं. १०९ ग्रॅम भरला की ओलावा ९ टक्के, हिशोबच नको. गावातल्या सुताराकडून एकाच लाकडाच्या तशा काठ्या काढून घ्या, एकदा ओव्हनमध्ये पूर्ण वाळवा, थोडं थोडं कापत १०० ग्रॅमवर आणा. जमिनीपासून वीतभर उंच, उघड्यावर, दोन तारांवर ठेवा. गुरं जाणार नाहीत अशी जागा बघा. दर हंगामाला नव्या काठ्या करा, ऊन-पाऊस खाल्लेलं लाकूड वेगळं वागतं. या काठ्या काटक्यांचा ओलावा सांगतात, गवताचा नाही. गवत त्यांच्यापेक्षा नेहमी पुढे असतं, हे लक्षात ठेवून वाचा.

दुसरा पर्याय हवेचा, आणि मला वाटतं मंडळाला हाच रोजचा आधार होईल. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र घ्या. सावलीत, अंगापासून लांब धरा, पाच मिनिटं थांबा, आकडा घ्या, त्याला पाचानं भागा. दुपारच्या हवेत आर्द्रता ५० टक्के असेल तर वाळक्या गवतात सुमारे १० टक्के पाणी, २० टक्के असेल तर ४ टक्के. ठोकताळा आहे, पण मी तो काट्याशी अनेकदा ताडून पाहिलाय, दुपारी तो एक-दोन टक्क्यांत जमतो. दव असताना किंवा पावसानंतर तो लावू नका, तेव्हा गवतावर बाहेरून पाणी असतं. आणि भर उन्हातलं गवत हवेपेक्षा तापलेलं असतं, त्यामुळे उघड्या सड्यावर आलेल्या आकड्यातून एखादा टक्का कमीच धरा. मोबाइलवरची आर्द्रता घेऊ नका. ती बहुधा कोल्हापूर शहराच्या किंवा उजळाईवाडीच्या विमानतळाच्या आसपासची असते. घाटमाथा तिथून पन्नास किलोमीटरवर आणि वेगळ्याच हवेत आहे.

घाटमाथ्याची एक गोष्ट इथं जरा थांबून सांगायला हवी. मार्च-एप्रिलात दुपारभर हवा कोरडी, आणि चार-पाचच्या सुमारास कोकणातून दमट वारं कडा चढून वर येतं. अंगाला गार लागतं, गवताचा ओलावाही तास-दीड तासात दोन-चार टक्के चढतो. माणसाला वाटतं, टळली वेळ. पण तेच वारं जोरानं पूर्वेकडे ढकलत असतं. कड्याजवळ आग लागलेली असेल, तर ती या वाऱ्यावर पूर्वेच्या उतारावर घरंगळते, आणि तिथं, डोंगराच्या आडोशाला, दमट हवा अजून पोचलेली नसते. माथ्यावर ओलावा मोजून तुम्ही समाधानी, आणि खाली गवत पाच टक्क्यांवर. म्हणून संध्याकाळचा आकडा माथ्यावरून घेऊ नका, पूर्वेच्या अंगाला अर्ध्यावर उतरून घ्या.

आता जिवंत भागाकडे. पावसाळा संपला की सगळं रान एकदम वाळत नाही. सड्यावर कातळावर वीतभरही माती नसते, तिथलं गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरातच पिवळं पडतं. उतारावर डिसेंबर-जानेवारी, ओघळीत फेब्रुवारीपर्यंत हिरवं. हिरवी काडी आगीची उष्णता खाते, त्यामुळे हिरव्या-वाळक्याचं प्रमाण मोजणं फार उपयोगी आहे. ऑस्ट्रेलियात गवताळ रानाच्या धोक्याचं गणित यावरच उभं आहे. ॲलन मॅकआर्थर यांनी १९६० च्या दशकात धोका काढायच्या, फिरवून आकडा वाचायच्या गोल चकत्या केल्या, त्यातही हे प्रमाण घालावं लागतं. तुम्ही असं करा: ओळीनं दहा ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून दहा काड्या उपटा, शंभर काड्या झाल्या की हिरव्या वेगळ्या, वाळक्या वेगळ्या मोजा. डोळे मिटूनच उपटा, उघड्या डोळ्यांनी हात आपोआप हिरव्याकडे किंवा वाळक्याकडे जातो. निम्म्यापेक्षा कमी वाळक्या असतील तर आग सहसा चालत नाही. सत्तरच्या पुढे गेल्या की चालते, नव्वदच्या पुढे पळते. आठवड्यातून एकदा मोजलं तरी पुरे. जाळरेषा जाळायचा खरा काळ यातूनच सापडतो: पट्ट्यातलं कापलेलं गवत वाळलेलं, पण शेजारचं उभं अजून अर्धं हिरवं.

कारवीचं मात्र वेगळं. ती सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि मग अख्खी राई मरते. पुढच्या उन्हाळ्यात पुरुषभर उंच वाळक्या काठ्यांचं रान उभं राहतं. ते आता जिवंतात धरायचं नाही, मेलेल्या काटक्यांत धरायचं. तुमच्या डोंगरावर कारवी कोणत्या वर्षी फुलली, हे गावातल्या मधाच्या माणसांना विचारून लिहून ठेवा. ऐन, किंजळ यांची पानगळ जानेवारीनंतर वाढते. पाला जमिनीवर पडला की तो हवेच्या हिशोबात आला, पण झाडाची सावली आहे तोवर तो उघड्या गवतापेक्षा दोन-तीन टक्के ओला राहतो. फांद्या उघड्या झाल्या की तीही सोय जाते. देवराईतला पाला मार्चअखेरही हाताला थंड लागतो, तो याच सावलीमुळे.

उपग्रहाबद्दल. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून वणव्याच्या सूचना देते, नाव नोंदवलं तर त्या मोबाइलवर येतात. ते जरूर करा. पण ती सूचना आग लागल्यावरची असते. ज्या उपकरणावर ती मुख्यतः अवलंबून आहे, त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा, आणि ते आपल्यावरून दिवसातून दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री दीडच्या आसपास जातं. तीनला लागलेली आग त्याला रात्री दिसेल.

ओलाव्याचे नकाशे ही दुसरी गोष्ट. पानातलं पाणी लघुतरंग अवरक्त किरण शोषून घेतं, त्यामुळे ओलं पान त्या किरणांत काळपट आणि सुकलेलं उजळ दिसतं. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी हे टिपतात, वीस मीटरच्या चौकोनात, आणि चित्रं फुकट मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे ढग नसल्यानं ती छान येतात. कोणता उतार आधी सुकतोय, ओघळी कधी पिवळ्या पडल्या, हे त्यात सुरेख दिसतं. पण उपग्रह वरून बघतो, झाडाखालचा पाला त्याला दिसत नाही. सड्यावर गवताबरोबर जांभा दगडाचा उजेडही त्याच चौकोनात मिसळतो. आणि मुख्य म्हणजे, चार तासांत बदलणारं गवत पाच दिवसांनी काढलेल्या फोटोत कसं सापडणार? जिवंत रानासाठी उपग्रह, मेलेल्या गवतासाठी डबा आणि आर्द्रतेचं यंत्र. कॅनडाची वणव्याच्या धोक्याच्या निर्देशांकाची पद्धतही जगभर वापरतात, ती दुपारच्या तापमान, आर्द्रता, वारा आणि पावसावरून ओलाव्याचे तीन आकडे काढते. पण ती पाइनच्या जंगलातल्या पाल्यावर बेतलेली आहे, आपलं उघडं गवत त्यापेक्षा फार लवकर सुकतं. तिचा आकडा 'मध्यम' म्हणाला म्हणून डोंगर सोडून येऊ नका.

पाळतीसाठी मी वापरतो ते आकडे देतो. हे माझे ठोकताळे आहेत, तुमच्या डोंगरावर ताडून घ्या. दुपारी वाळक्या गवतात १५ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर नेहमीची कामं करा. १० ते १५ मध्ये दोन माणसं माथ्यावर, बाकीचे फोनवर. १० च्या खाली चार ठिकाणी माणूस, पाण्याचे पंप भरलेले, झोडपायला हिरवे डहाळे तोडून ठेवलेले. ५-६ च्या खाली, आणि त्यात वारं असेल, तर विडीचं थोटूक किंवा बांधावर पेटवलेल्या पाचटाची ठिणगीही पुरते. त्या दिवशी सकाळीच दवंडी द्या की आज कुणी बांध जाळायचा नाही. होळीच्या सुमारापासून जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंत असे दिवस सगळ्यात जास्त येतात. जाळरेषेचं काम वनविभागाला बरोबर घेतल्याशिवाय करू नका. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि परवानगीचा कागद नसेल तर चांगल्या हेतूनं गेलेलं पोरगंही त्यात अडकतं. वणवा दिसला की वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा.

वही करा. तारीख, वेळ, जागा, आर्द्रता, वारा कुठून, डब्यातला ओलावा, शंभरात वाळक्या काड्या किती, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी कुठं आग लागली का, कुणी विझवली, किती वेळ लागला. शेजारी गावातल्या जुन्या जाणत्यांनी त्या दिवशी काय अंदाज दिला होता, तेही लिहा. त्यांचा हात बऱ्याचदा बरोबर असतो, फक्त कोणत्या वेळचा हात, ते नोंदवलेलं नसतं. पहिले तीन आठवडे रोज मोजा, मग ती वही घेऊन या. तुमच्या सड्याचा, उताराचा आणि ओघळीचा आकडा कुठं फिरतो, ते आपण एकत्र बसून बघू.